लेखकांनो, आपल्या पुस्तकाचे मालक व्हा!

मराठी लेखकाने प्रकाशकांचे उंबरठे झिजवण्याचे दिवस संपले, ही गोष्ट खुद्द मराठी लेखकाला अजून कुणी सांगितलेली दिसत नाही. तालुक्याच्या गावातला शिक्षक, एस.टी.चा वाहक, बँकेतून निवृत्त झालेला कारकून, उसाच्या फडावर लहानाची मोठी झालेली पदवीधर मुलगी अशा कितीतरी जणांच्या कपाटात आज लिहून पुरी झालेली बाडे पडून आहेत. बाड प्रकाशकाकडे जाते. सहा महिने उत्तर नाही. फोन केला तर "वाचन चालू आहे". वर्ष उलटते आणि मग एके दिवशी निरोप येतो: लेखन चांगले आहे, पण बाजार थंड आहे, तुम्ही थोडे सहकार्य केलेत तर पाहता येईल.

सहकार्य म्हणजे पैसे, हे लेखकाला बरोबर कळते. तो भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतो, घरच्यांचे टोमणे ऐकतो आणि रक्कम भरतो. पुस्तक निघते. खर्च लेखकाचा, हक्क प्रकाशकाचे. मानधनाऐवजी पन्नास प्रतींचा गठ्ठा. किती प्रती छापल्या आणि किती खपल्या याचा कागद कधीच येत नाही. सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळणारा आयएसबीएन क्रमांकसुद्धा 'पॅकेज'मध्ये वेगळा दर लावून गळ्यात मारलेला असतो. ही उघड लूट आहे, आणि ती लेखकाच्या सहीने होते.

सगळे प्रकाशक असे नाहीत. पदराला खार लावून चांगली पुस्तके काढणारे, संपादनावर महिनोन्‌महिने घालवणारे, मानधनाचा हिशेब दरवर्षी न मागता पाठवणारे प्रकाशक महाराष्ट्रात आहेत. ज्याला असा प्रकाशक लाभला त्याने त्याचा हात सोडू नये. पण ज्याला स्वतःच्याच पैशाने पुस्तक काढायचे आहे, त्याने दुसऱ्याच्या नावाने का काढावे? पैसा तुमचा, घाम तुमचा, शब्द तुमचे. मग मालकी दुसऱ्याची कशी?

"स्वतःच छापलंय वाटतं?" हा प्रश्न आपल्याकडे ओठ मुडपून विचारला जातो. जणू स्वतःचे पुस्तक स्वतः काढणे म्हणजे परीक्षेत नापास झाल्याची कबुली. विचारणाऱ्याला मराठीचा इतिहास ठाऊक नसतो, एवढाच त्याचा अर्थ. जोतीराव फुल्यांचे 'तृतीय रत्न' हे १८५५ सालचे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले. जोतीराव रडत बसले नाहीत. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' स्वतः प्रसिद्ध केली. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना बोलावणे पाठवले. आमच्या लोकांची दुःखे ज्यांच्या ग्रंथांत येत नाहीत त्यांच्या सभेत आमचे काय काम, अशा आशयाचे उत्तर धाडून जोतीरावांनी ते नाकारले. व्यासपीठ मिळावे म्हणून आज आपण किती जणांच्या पुढेपुढे करतो, ते या उत्तराशेजारी ठेवून पाहा.

पंडिता रमाबाईंनी १८८२ साली 'स्त्रीधर्मनीति' लिहिली, आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला जाण्यासाठी त्या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा कामी आला. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९२१ साली 'प्रबोधन' पाक्षिक काढले आणि स्वतःच्या लेखणीच्या बळावर चालवले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'साठी चक्क कंपनी स्थापन केली, छापण्याआधीच वर्गणीदार गोळा केले आणि २३ खंड मराठी वाचकांच्या हाती दिले. आज प्रकाशनपूर्व नोंदणीला नवी युक्ती समजतात. केतकरांनी ती शंभर वर्षांपूर्वी करून दाखवली.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर! लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने त्यांना आपल्या १९३६ च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले. भाषणाचा मसुदा हाती पडताच मंडळाचे धाबे दणाणले. अमुक भाग गाळा, तमुक सौम्य करा, अशी पत्रे सुरू झाली. बाबासाहेबांनी कळवले की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद बारगळली. दुसरा कुणी असता तर भाषण पेटीत ठेवून गप्प बसला असता. बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने पुस्तकरूपात काढले. इंग्रजी आवृत्तीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाली होती, मराठी, हिंदी, पंजाबी आणि मल्याळमची चालू होती. 'जातिप्रथेचे विध्वंसन' हा विसाव्या शतकातल्या भारतातला एक थोर ग्रंथ, आणि तो लेखकाने स्वतः छापलेला आहे. आता पुन्हा कुणी ओठ मुडपले तर हे नाव सांगा.

पण या मार्गावर फुले पसरलेली आहेत असे सांगणारा माणूस तुमचा मित्र नव्हे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्यात छापून घेतली. बायकांना दूषणे देणाऱ्या समाजाला त्यांनी असा जाब विचारला की त्याची धार आजही बोथट झालेली नाही. समाजाने काय केले? टिंगल केली. जोतीरावांनी आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत ताराबाईंची बाजू घेऊन टीकाकारांना झोडपले. बाकी बहुतेक सारे गप्प राहिले. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. ते पहिले पुस्तकही विस्मरणात गेले. १९७५ साली संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा मधे ९३ वर्षे गेली होती. एका लेखिकेचा आवाज ९३ वर्षे गाडला गेला, तो पुस्तक छापले नाही म्हणून नव्हे. छापलेल्या पुस्तकाच्या पाठीशी उभे राहायला माणसे नव्हती म्हणून.

म्हणून माझे म्हणणे दुहेरी आहे. लेखकाने आपल्या पुस्तकाचा मालक व्हावे, आणि समाजाने त्याला एकटे पाडू नये. यातले एक जमले आणि दुसरे राहिले तर पदरी काय पडते, ते ताराबाईंच्या बाबतीत दिसले.

आता रोकडा हिशेब मांडू. भावनेच्या भरात कर्ज काढणाऱ्या लेखकाला हिशेबच वाचवू शकतो. समजा, २०० पानांचे डेमी आकाराचे पुस्तक आहे, किंमत ३०० रुपये. ५०० प्रतींची छपाई प्रतीमागे ११० रुपयांप्रमाणे ५५,००० रुपये. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ मिळून २५,००० रुपये. एकूण भांडवल ८०,०००. वाचकाला थेट विकताना सवलत देऊन २४० रुपये घेतले आणि टपाल-बांधणीचे ४० वजा केले, तर प्रतीमागे हाती येतात २००. म्हणजे ४०० प्रती विकल्या तेव्हा कुठे घातलेला पैसा परत आला. उरलेल्या १०० प्रती हातोहात गेल्या तर २०,००० रुपये मिळाले. पुस्तक लिहायला चार वर्षे लागली असतील तर वर्षाला ५,००० रुपये!

हाच माल दुकानांतून आणि वितरकांकडून गेला तर चाळीस ते पन्नास टक्के कमिशन द्यावे लागते. शिवाय उधारी. पुस्तके ठेवून घेणारा दुकानदार पैसे देताना भेटतोच असे नाही, आणि न खपलेल्या प्रती कोपरे दुमडून, पावसाळ्याची ओल पिऊन परत येतात. त्या खाटेखाली जातात. पाहुणे आले की त्यांची नजर गठ्ठ्यांवर पडते आणि लेखक विषय बदलतो. प्रकाशन समारंभाला शाल, श्रीफळ, हार, भाषणे, फोटो सगळे झाले. जाताना पुस्तक विकत घेणारे बोटांवर मोजण्याइतके. परीक्षणासाठी पाठवलेल्या प्रतींचे पुढे काय झाले ते कळत नाही. टपालखात्याची स्वस्त बुक पोस्ट सेवा २०२४ च्या अखेरीस बंद पडली आणि लहान लेखकाचे कंबरडे मोडले. २०२५ च्या मे महिन्यात 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली तेव्हा थोडा धीर आला. हे सारे सोसायची तयारी असेल त्यानेच पुढे वाचावे.

आता दुसरी बाजू. हेच पुस्तक प्रकाशकाने स्वतःच्या पैशाने काढून दहा टक्के मानधन दिले असते, तर ५०० प्रतींचे १५,००० रुपये झाले असते. म्हणजे पहिल्या आवृत्तीत पैशाचा फरक फार नाही, आणि धोका मात्र सगळा तुमच्या डोक्यावर. मग मालक होऊन मिळवले काय?

दोन गोष्टी मिळवल्या. पहिली म्हणजे तुमचे वाचक. थेट विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे एक नाव, एक पत्ता, एक फोन नंबर तुमच्या वहीत आला. दुकानातून खपलेल्या प्रतीचा वाचक तुम्हाला कधीच भेटत नाही. वहीतला वाचक दुसऱ्या पुस्तकाची वाट पाहतो, फोन करून चूक दाखवतो, चार मित्रांना सांगतो. अशी चारशे नावे ज्याच्याकडे आहेत त्याला पुढच्या बाडासाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पुढची आवृत्ती. संपादन, जुळणी आणि मुखपृष्ठ यांचा खर्च पुन्हा करावा लागत नाही. त्याच दराने छापलेल्या पुढच्या ५०० प्रती थेट विकल्या तर प्रतीमागे ९० रुपये, म्हणजे ४५,००० रुपये सुटतात, आणि आवृत्ती काढायची की नाही हे ठरवायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. शरद तांदळे यांनी 'रावण राजा राक्षसांचा' ही कादंबरी स्वतःच्या न्यू ईरा पब्लिशिंग हाऊसतर्फे काढली आणि ती महाराष्ट्रभर तरुणांच्या हातात दिसू लागली. सगळ्यांचे असे होईल असे नाही. पण दार बंद आहे असे आता कुणी म्हणू नये.

मालकीचा पाया कायद्यात आहे, आणि तो कायदा बहुतेक लेखकांनी उघडूनही पाहिलेला नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही लिहिलेल्या मजकुराचा हक्क लिहिल्याक्षणी तुमचा होतो. नोंदणी केली नाही तरी. तो तुमच्या हयातीत आणि तुमच्या पश्चात ६० वर्षे चालतो, म्हणजे तुमच्या नातवंडांपर्यंत पोचतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार हवा, आणि त्यात कोणता हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशापुरता आणि किती मानधनावर हे स्पष्ट असायला हवे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतो. घेतलेला हक्क वर्षभर वापरला नाही तर, करारात वेगळे काही म्हटले नसल्यास, तो लेखकाकडे परत येतो. हे कलम १९. सही करण्याआधी ते एकदा वाचा. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असे शब्द कागदावर दिसले की पेन खाली ठेवा. छापील पुस्तक, ई-बुक, श्राव्य पुस्तक, भाषांतर, नाटक, चित्रपट हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. एकाच सहीत सगळे देऊन टाकणारा लेखक आपले घर अंगणासकट फुकट लिहून देतो.

साधनांची सबब तर आता उरलेलीच नाही. मागणीप्रमाणे पन्नास-शंभर प्रती छापून मिळतात; पाचशेचा गठ्ठा खाटेखाली ठेवायची सक्ती नाही. वाचक फोनवरून पैसे पाठवतो आणि तुम्ही संध्याकाळी पोस्टात पाकीट टाकता. किंडलवर मराठी ई-पुस्तके २०१६ च्या डिसेंबरपासून आहेत, त्यामुळे बेळगावचा, पणजीचा आणि अमेरिकेतला मराठी वाचक एकाच दिवशी तुमचे पुस्तक उघडू शकतो. पुस्तक स्वतः काढणारा कायद्याने प्रकाशक ठरतो, म्हणून ग्रंथालयांकडे पुस्तके जमा करण्याच्या १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवा. पाकिटाचा खर्च जड वाटला तर ताराबाईंची ९३ वर्षे आठवा. उद्याच्या एखाद्या मालश्यांच्या हाती लागायला कुठेतरी एक प्रत शिल्लक असावी लागते.

मात्र मालक होण्याची एक किंमत आहे, आणि ती रुपयांत मोजायची नाही. प्रकाशकाच्या नकाराला कंटाळलेला लेखक स्वतःचे पुस्तक काढतो तेव्हा बहुधा पहिली कात्री संपादनावर चालवतो. मग पानापानावर ऱ्हस्व-दीर्घाचा खून. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार उडालेले, जोडाक्षरे फुटलेली, आणि तसाच फर्मा यंत्रावर चढवलेला. दोनशे पानांत सत्तर पाने नसती तर बरे झाले असते, हे सांगणारे कुणी नाही. अशा पुस्तकाने वाचक फसतो आणि पुढच्या दहा स्वतंत्र लेखकांवरचा त्याचा विश्वास उडतो. संपादकाला पैसे द्या. मुद्रितशोधकाला पैसे द्या. मुखपृष्ठ भाच्याकडून फुकट करून घेऊ नका. चित्रकाराला त्याचे मोल द्या. स्वतःच्या घामाचे दाम मागणाऱ्याने दुसऱ्याचा घाम फुकटात घेऊ नये. आणि पुस्तक कच्चे असेल तर ते काढूच नका. बाबासाहेबांनी स्वल्पविराम बदलायला नकार दिला, कारण त्यांनी प्रत्येक स्वल्पविराम विचार करून दिला होता. तो अधिकार अभ्यासाने मिळवावा लागतो.

एकट्याने हे सगळे ओढणे अवघड जाते, म्हणून संगत जोडा. अरुण कोलटकरांच्या कवितांना अशोक शहाण्यांच्या 'प्रास प्रकाशना'ची साथ मिळाली. १९७७ साली 'अरुण कोलटकरच्या कविता' आल्या, २००३ साली 'भिजकी वही' आली आणि तिला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोलटकर तोवर गेले होते. मोठे भांडवल, जाहिरात, वितरणाचे जाळे यांतले काही पाठीशी नव्हते. कवी अस्सल होता आणि त्याच्या पाठीमागे ठाम उभा राहिलेला एक मित्र होता. तुमच्या तालुक्यात असे पाच लेखक जमवा. एकमेकांची बाडे निर्दयपणे वाचा. छपाईचे काम एकत्र द्या म्हणजे दर उतरेल. ग्रंथप्रदर्शनात पाच जणांत एक गाळा घ्या. सहकाराच्या जोरावर साखर कारखाने, दूध संघ आणि पतपेढ्या उभ्या करणाऱ्या महाराष्ट्राला लेखकांची सहकारी विक्री अवघड का वाटावी?

आता वाचकांनो, तुमच्याशी दोन शब्द, आणि ते गोड नाहीत. ओळखीच्या माणसाने पुस्तक काढले की आपला पहिला प्रश्न असतो, "आम्हाला प्रत कधी देणार?" मित्राने हॉटेल काढले तर आपण रोज फुकट जेवायला जात नाही, मग लेखकाकडे भेट प्रत मागताना जीभ कशी रेटते? ज्याला खरोखर कौतुक आहे त्याने किंमत विचारावी आणि पैसे द्यावेत. पुस्तकाची पीडीएफ गटात टाकून "वाचा, सुंदर आहे" असे लिहिणाऱ्याने आपण कुणाच्या खिशात हात घालतो आहोत ते एकदा बघावे. लग्नाच्या आहेरात, वाढदिवसाला, निरोप समारंभात हारतुऱ्यांवर उडणाऱ्या पैशातून एक पुस्तक येते. सार्वजनिक ग्रंथालयांच्या ग्रंथनिवड समित्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या स्वतंत्र लेखकांची पुस्तके मागवून वाचावीत आणि चांगली असतील ती पैसे मोजून घ्यावीत. १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा करणाऱ्या राज्यात ही अपेक्षा जास्त नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, फटाके वाजले. त्या दर्जाने एकाही लेखकाचा गठ्ठा खपत नाही. तो वाचकाच्या खिशातल्या तीनशे रुपयांनी खपतो.

तेव्हा लेखकांनो, बाड पुरे झाले असेल तर यंदा ते एका कठोर वाचकाच्या हाती द्या, सुधारा, हिशेबाची वही घाला, कलम १९ वाचा आणि पुस्तक स्वतःच्या नावाने काढा. पुरे झाले नसेल तर ते पुरे करा. वाचकांनो, या महिन्यात एका स्वतंत्र लेखकाचे पुस्तक त्याच्याकडून थेट, पुऱ्या किमतीला विकत घ्या, आणि वाचून त्याला खरे काय वाटले ते कळवा. हात पसरणारा लेखक आणि फुकट मागणारा वाचक, या दोघांनाही मराठीने आजवर पुरेसे पोसले आहे. उठा, आता एकाने मालक व्हावे आणि दुसऱ्याने गिऱ्हाईक!